बिस्मार्कचे पट्टे आणि रेलिंगची कटकट

बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या प्लॅस्टिक मॉडेलचा हल (जहाजाचं धड) जोडून झाला म्हणताय, भारीच. काळे-पांढरे पट्टे मारू का आणि पितळी रेलिंग रंगाआधी लावू की नंतर, असं विचारलंत म्हणून लिहितोय.

पट्ट्यांचं म्हणाल तर आधी जहाज कुठल्या तारखेचं दाखवायचंय ते ठरवा. ते तिरके पट्टे जहाज बाल्टिक समुद्रात होतं तेव्हाचे, २१ मे १९४१ ला नॉर्वेत बर्गनजवळ नांगर टाकला तेव्हा ते राखाडी रंगाखाली गेले, म्हणजे २४ तारखेला ब्रिटिशांची हूड ही युद्धनौका बुडवली तेव्हाची बिस्मार्क हवी असेल तर पट्टे नकोतच. दिसतात झकास, ते मान्य.

रेलिंग मी तरी नंतर लावतो. आधी लावलं की डेकला मास्किंग टेप लावताना हमखास वाकतं, मग चिमट्याने सरळ करत बसा रात्रभर. रेलिंग ज्या पितळी फ्रेमला जोडलेलं येतं त्या फ्रेमवर असतानाच प्रायमर आणि रंग मारून घ्या, मग कापा, आणि सुपरग्लू सुईच्या टोकावर घेऊन दोन-तीन खांबांनाच टेकवा. प्लॅस्टिक सिमेंट या मॉडेलच्या गोंदाने पितळ चिकटत नाही, उलट डेक विरघळून खड्डा पडतो (माझा पडलाय, त्यावर आता एक लाइफबोट बसलीय 😄).

जहाजावरच्या दोऱ्यांसाठी वेगळं काही आणू नका, उरलेला स्प्रू (किटचे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर धरून मऊ झाला की बाजूला घेऊन ओढायचा, केसासारखी तार निघते. १/३५० स्केलला जहाज ७२ सेंमीच्या आसपास होतं, ठेवणार कुठे ते घरी आत्ताच विचारून घ्या.