विषाणूजन्य न्यूमोनियानंतर अनेक महिने दम लागतो. फुफ्फुसे पूर्ववत होतात का?

प्रश्न
माझ्या वडिलांना इन्फ्लुएन्झातून तीव्र न्यूमोनिया झाला आणि त्यांना काही काळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. घरी येऊन आता चार महिने होत आले. बसल्या जागी ऑक्सिजन ९६-९७ असतो, स्पायरोमेट्रीही जवळजवळ सामान्य आली आहे. तरीही एक जिना चढला की ते कठड्याला धरून उभे राहतात आणि नीट बोलता येण्यास बराच वेळ जातो. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘ग्राउंड ग्लास’ (धुरकट छटा) आणि ‘फायब्रोटिक पट्टे’ (व्रणाचे पट्टे) असा उल्लेख आहे, आणि तो वाचल्यापासून त्यांनी बरे होण्याची आशाच सोडली आहे. ऑक्सिजन आणि स्पायरोमेट्री चांगली असताना दम का लागतो, आणि हे व्रण कायमचे असतात का?

प्रतिसाद १ (छातीविकारतज्ज्ञ)
स्पायरोमेट्रीवरून हवा किती आणि किती वेगाने आत-बाहेर होते एवढेच कळते. वायुकोशांच्या भिंतीतून वायू रक्तात किती सहज उतरतो, हे पाहण्यासाठी डीएलसीओ ही वेगळी चाचणी करावी लागते, आणि गंभीर आजारानंतर स्पायरोमेट्री सुधारल्यावरही डीएलसीओ बराच काळ कमी राहू शकते. याचे कारण असे की विषाणूमुळे आणि त्यासोबतच्या दाहामुळे वायुकोशांचे पातळ अस्तर नष्ट होते. मग तेथील ‘टाइप २’ नावाच्या पेशी वाढतात आणि त्यांच्यापासून हळूहळू नवे पातळ अस्तर तयार होते. हे काम महिनोन्महिने चालते.

चौथ्या महिन्यातील ग्राउंड ग्लास छटा बहुधा उरलेल्या दाहाची किंवा भरून येणाऱ्या जखमेची असते आणि बारीक पट्टेही पुष्कळदा पुढे विरळ होतात. २००३ च्या सार्स साथीतून वाचलेल्या काही रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला; त्यांच्या सीटीवरील दोष मुख्यतः पहिल्या वर्षात कमी झाले आणि नंतर साधारण स्थिर राहिले. म्हणजे थोडा व्रण उरू शकतो, पण तो इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिससारखा (कारण न कळता फुफ्फुसात व्रण वाढत जाण्याचा आजार) सहसा वाढत जात नाही. वडिलांना हा फरक अवश्य समजावून सांगा, कारण इंटरनेटवर जे भीतिदायक वर्णन सापडते ते बहुतेक त्या दुसऱ्या आजाराचे असते. श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंदावणे, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसणे किंवा दोन स्कॅनमध्ये व्रण वाढलेला आढळणे, या गोष्टी मात्र गांभीर्याने घ्याव्या लागतात.

आता डीएलसीओ आणि ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी. बसल्या जागचा आकडा चांगला असूनही चालताना तो चार अंकांनी किंवा अधिक घसरतो काय, हे त्यातून दिसते. हिमोग्लोबिन आणि इकोही (हृदयाची सोनोग्राफी) पाहावा. दाह शिल्लक असलेल्या काही रुग्णांना स्टेरॉइडचा उपयोग होतो, परंतु तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

प्रतिसाद २ (श्वसन-पुनर्वसनातील फिजिओथेरपिस्ट)
वरील माहितीत मला स्नायूंचा मुद्दा आवर्जून जोडावासा वाटतो. एआरडीएसमधून (फुफ्फुसे अचानक निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेतून) वाचलेल्या रुग्णांचा कॅनडात पाच वर्षे पाठपुरावा झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची फुफ्फुसे जवळजवळ सामान्य झाली होती, तरी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर अपेक्षेच्या सुमारे तीन-चतुर्थांशच होते. अतिदक्षता विभागात मांड्या आणि श्वासपटल, दोन्ही झपाट्याने अशक्त होतात, आणि अशक्त स्नायू थोड्या श्रमातही लवकर थकून दम वाढवतात.

वडील जिना चढताना त्यांच्याकडे नीट पाहा. असे रुग्ण बहुधा खांदे वर ओढून, वरच्या छातीतून उथळ श्वास घेतात आणि पायरीवर पाऊल टाकताना श्वास रोखून धरतात. पाऊल उचलताना ओठ किंचित मिटून सावकाश श्वास सोडायचा, आणि दम लागण्याची वाट न पाहता ठरावीक पायऱ्यांनंतर थांबायचे, ही सवय लावावी. घरी खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे आणि सपाट जागी चालणे, एवढ्यापासून सुरुवात पुरे. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दम तीन-चारच्या आसपास राहील इतकाच जोर असावा. व्यायामाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर नेट लावू नये. प्रमाण कमी करावे. श्वास ओढून चेंडू वर उचलण्याच्या स्पायरोमीटरने मांड्यांत ताकद येत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ती
डीएलसीओ झालेलीच नाही, आणि जिन्यावर आधी मांड्या भरून येतात असे बाबा स्वतःच सांगतात. पुढचा सीटी कधी करावा?

प्रतिसाद १ (छातीविकारतज्ज्ञ)
प्रकृती सुधारत असेल तर दर महिन्याला स्कॅन करण्याची गरज नाही. आजारानंतर साधारण सहा महिन्यांनी आणि आवश्यकता भासल्यास वर्षाने पुरतो. दरम्यान दम अचानक वाढला, श्वास घेताना छातीत दुखले, एकाच पायाची पोटरी सुजली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात जावे. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी, आणि घरात कोणी धूम्रपान करत असल्यास ते आजपासून पूर्ण बंद करावे.