‘टेक ऑन मी’ : श्रेय पेन्सिलीचं की पट्टीचं?

पांढरी_सहा : आ-हा या नॉर्वेजियन त्रिकुटाचं नाव निघालं की जो तो ‘टेक ऑन मी’च्या पेन्सिलवाल्या, रेखाचित्रांच्या व्हिडिओवर येतो. माझ्या मते खरी करामत दुसऱ्या ध्वनिमुद्रणाची. निर्माता टोनी मॅन्सफिल्डची १९८४ची आवृत्ती ऐका. चाल तीच, गायक तोच, पण गाणं अंगावर येत नाही. १९८५ साली दुसरा निर्माता अ‍ॅलन टार्नीने ते पुन्हा केलं, तेव्हा कुठे उभं राहिलं.

सुरुवातीची धून पेटीवरही निघते. पांढरी सहाचा (सहाव्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरा, सगळे सूर शुद्ध, सां-रें वरच्या सप्तकातले, रेघ म्हणजे गप्प :

ध ध म रे – रे – प
– प – प नी नी सां रें
सां सां सां प – म – ध
– ध – ध प प ध प

३२ जागांत २४ सूर. बहुतेकांचं चुकतं ते गप्प जागांवर. तिथे बोट उचललं नाही की धून सपाट होते. लय मिनिटाला सुमारे १६९ ठोके, ठोक्याला दोन जागा, म्हणजे एक जागा जेमतेम ०.१८ सेकंदाची. सिंथवर रिलीज (बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) त्याहून लांब ठेवला की सूर एकमेकांत कालवतात. रोलँड ज्युनो-६० या सिंथमध्ये एका सुराला एकच ऑसिलेटर (मूळ ध्वनी काढणारा भाग), जाडी येते ती कोरसच्या बटणातून. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतून ती मिळत नाही.

रेघोट्या : सरगमेबद्दल आभार, निष्कर्ष अमान्य. टार्नीची आवृत्ती ब्रिटनमध्ये या व्हिडिओशिवाय आली तेव्हा तीही आपटलीच होती! दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनचा व्हिडिओ आला आणि ऑक्टोबर १९८५मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी एमटीव्हीची सहा पारितोषिकं.

मायकल पॅटरसन आणि कॅन्डेस रेकिंजर या अ‍ॅनिमेटरांनी सुमारे ३,००० फ्रेम हाताने गिरवल्या, १६ आठवडे लागले. प्रत्येक फ्रेम नव्याने काढल्यामुळे रेघ थरथरते, तोच तिचा जीव. मोबाइलचा स्केच फिल्टर नुसत्या कडा शोधतो, म्हणून तो मेलेला दिसतो. हाताने करायचं तर सेकंदाला १२ चित्रं धरली तरी मिनिटाला ७२० कागद. आणि कागद पेग-बारवर (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर) नीट बसला नाही, तर रेघेऐवजी सगळं चित्रच हलतं.

तार_पंचम : दोघंही गळ्याला विसरलात. आ-हाचा गायक मॉर्टन हार्केट ध्रुवपद मंद्र सा वर सुरू करतो, दुसऱ्याच शब्दाला मंद्र नी, आणि शेवट तार पंचमावर. अडीच सप्तकं, तीही एकाच ध्रुवपदात. कराओकेत फजिती होते कारण पट्टी पहिल्या सुरावरून ठरवतात. आधी शेवटचा सूर लागतो का ते बघा, तो खोट्या आवाजात घेतला तरी चालेल. पांढरी चारवर उतरलात तर वरचं सोपं होईल, पण खालचा सा माइकलाच ऐकू येईल.

पांढरी_सहा : आपटल्याचं मान्य. पण नुसत्या चित्रांवर बँड टिकत नाही. जानेवारी १९८६मध्ये ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं, जिथे ‘टेक ऑन मी’ दुसऱ्यावरच अडकलं होतं. निर्माता पुन्हा टार्नी.

रेघोट्या : आणि व्हिडिओ पुन्हा बॅरनचा! सुरुवात तर थेट मागच्या गोष्टीच्या पुढची, त्यातला नायक परत रेघांत जातो तिथून. सोयीचं तेवढंच सांगू नका राव.

तार_पंचम : मग २०१७चं नॉर्वेतल्या गिस्के बेटावरचं अनप्लग्ड (साध्या वाद्यांवरचं) ऐका. लय संथ, लिन-ड्रम हे ड्रमयंत्र नाही, पेन्सिल तर नाहीच. तिथे गळ्याची ती उडी अगदी उघडी पडते, बेसूर व्हायला पूर्ण वाव. होत नाही.

पांढरी_सहा : त्यातही चाल तीच आहे हो. पण बरं, गळ्याला अर्धा गुण. पेन्सिलीला अजून नाही.