मुन्नाभाई पास झाला, मग नापास कोण झालं?

गोदाकाठ
परवा घरी भाचेकंपनी जमली म्हणून 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' लावला. २००३ साली आला तेव्हा मी कॉलेजात होते, थिएटरात पोट धरून हसले होते. या वेळी प्रवेश परीक्षेच्या भागाला हसू आलं नाही. मुन्ना नावाचा गुंड डॉ. रुस्तमला धमकावतो, त्याच्या जिवावर पास होतो आणि मेडिकलला जाऊन बसतो. सगळी खोली खिदळत होती. यंदा नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बसणारी भाची तेवढी गप्प. मग हळूच म्हणाली, "मावशी, याच्यामुळे कुणाची तरी सीट गेली ना?"

मी चौदा वर्षं नाशकात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. बारावीला दरवर्षी सुपरव्हिजन असते. कॉपी म्हणजे काय ते जवळून सांगते. पानभर उत्तर झेरॉक्सवाल्याकडून मायक्रो करून आणलेलं, बोटाच्या पेराएवढी पट्टी, पंख्यासारखी घडी घालून पॅडच्या क्लिपखाली सरकवलेली. हात सफाईने चालतो, पण मान फसवते. आठवून लिहिणारं पोर अडलं की छताकडे बघतं, पंख्याकडे बघतं. कॉपीवालं पोर अडलं की खाली बघतं.

गेल्या वर्षी अशीच एक पट्टी पकडली. पेपर काढून घेतला, रिपोर्ट लिहिला, मुलगा हातापाया पडला. या गोंधळात मागच्या बाकावरची मुलगी रडायला लागली. तिचा काही संबंध नव्हता, तिचं चालू गणित तुटलं होतं आणि वेळ संपत आला होता. कॉलेजवरच्या विनोदी सिनेमांत हा मागचा बाक कधी दिसत नाही. माझं भांडण तेवढ्यासाठी आहे.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
ताई, तुमची कळकळ पोचली, पण सिनेमावर अन्याय होतोय. तो कॉपीवरचा सिनेमा नाहीच. पेशंटला माणूस न समजणाऱ्या दवाखान्यावरचा आहे. आणि मुन्ना शेवटी डॉक्टर होत नाही, हे का सोडता? लबाडीने मिळवलेली जागा त्याच्याकडे राहत नाही.

दुसरं, आमच्यासारख्यांचं ऐका. मी सुरगाण्याकडचा, नाशिकच्या दुर्गम आदिवासी तालुक्यातला. दहावीला इंग्रजीचा मास्तर वर्षभर नव्हता. बोर्डाच्या पेपरला मात्र उत्तरं थेट फळ्यावर आली, कारण शाळेला निकाल पाहिजे होता. आम्ही पंधरा-सोळा वर्षांची पोरं खाली माना घालून उतरवत होतो. ती कॉपी आम्ही केली की आमच्याकडून करून घेतली? पुढे आयटीआयला आलो आणि मशीनवरचं इंग्रजी एकेक शब्द करून शिकलो. मुन्नाभाई पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण चोर नाही, आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते हसू माझ्याकडून काढून घेऊ नका.

गोदाकाठ
दादा, फळ्यावर उत्तरं लिहिणाऱ्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो, कारण तो माझ्या पेशातला आहे. तुम्हाला मी चोर म्हणणार नाही. पण मुन्ना सुरगाण्याचा पोरगा नाही. त्याच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे, धाक आहे. तुमची अडचण आणि त्याची दांडगाई एका हास्यात मिसळतात, तिथेच मला टोचतं.

पंचवटी_जुना_वाडा
मी सत्तरी ओलांडलेला माणूस. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट आणला तो राजा हरिश्चंद्रावर, दिलेल्या शब्दापायी राज्य सोडणाऱ्यावर. तिथून परीक्षेला डमी, म्हणजे आपल्या जागी दुसरा माणूस, बसवणाऱ्या नायकापर्यंत आपण आलो. मला याचं वाईट वाटतं. आमच्या वेळी रिस्टिकेट झालेला, म्हणजे परीक्षेतून काढून टाकलेला मुलगा महिनाभर गल्लीत तोंड दाखवत नसे.

कट्टा_कॉलेजरोड
काका, आदर ठेवून सांगतो, हरिश्चंद्रावर विनोद होत नाही. विनोद चुकणाऱ्या माणसावरच होतो. उदाहरण बदलू या. '३ इडियट्स' (२००९) घ्या. रँचो आणि फरहान प्रिन्सिपॉलच्या ऑफिसातून पेपर चोरतात, स्वतःसाठी नाही, मित्र राजूसाठी. तो नुकताच मरता मरता वाचलाय. आणि राजू तो पेपर घेत नाही, फेकून देतो. मी एफवायला तीन विषयांत नापास होऊन एटीकेटी घेऊन बसलो होतो तेव्हा तो प्रसंग पाहिला. एवढं मोठं भाषण मला कुणी दिलं नव्हतं. सुपरव्हिजनच्या धाकापेक्षा तो सीन जास्त काम करतो.

गोदाकाठ
राजूचा प्रसंग मान्य, अगदी मनापासून. पण त्याच सिनेमात नायक दुसऱ्याच्या नावाने शिकतो आणि डिग्री दुसऱ्याच्या भिंतीवर लागते. त्याबद्दल कुणाला काही भोगावं लागत नाही. राजूने पेपर फेकला ते तुमच्या लक्षात राहिलं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या लक्षात ऑफिसची चावी कशी मिळवली ते राहतं. हे मी अंदाजाने बोलत नाही, मधल्या सुट्टीत कानांनी ऐकलेलं आहे.

कायद्याचं_बोला
थोडं कायद्याचं, कारण धाग्यात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. केंद्राचा कायदा २०२४ चा, जूनमध्ये लागू झाला. पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार, अशा गैरप्रकारांना ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. संघटित टोळी असेल तर ५ ते १० वर्षं आणि दंड किमान १ कोटी. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्यांवर आणि टोळ्यांवर आहे, परीक्षार्थीवर नाही. परीक्षार्थीला परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे नियम लागतात.

म्हणजे पट्टी लपवणारं घाबरलेलं पोर वेगळं आणि धंदा करणारा वेगळा, हे संसदेनेही मानलंय. घाबरलेल्या पोरावर सिनेमाने खुशाल विनोद करावा. धंद्यावर करू नये. मुन्ना माझ्या मते दुसऱ्या बाजूला पडतो, म्हणून मी ताईंच्या बाजूने.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट
वकीलसाहेब, सिनेमा काय कोर्ट आहे का? मुन्नाला शिक्षा द्यायची तर सिनेमातल्या कॉलेजच्या डीनला, डॉ. अस्थानालाही द्या, तोही रोज माणसांना नापास करतो. फक्त त्याच्या हातात सर्टिफिकेट आहे.

वॉर्ड_नंबर_चार
मी नर्स आहे, वीस वर्षं झाली. या धाग्यावर लिहायचं नव्हतं, पण सातपूरच्या दादांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मुन्ना झाडू मारणाऱ्याला मिठी मारतो ना, त्या प्रसंगानंतर आमच्या वॉर्डात सफाईवाल्या मावशींना नावाने हाक मारायला सुरुवात झाली. हे खरं घडलेलं आहे. तेव्हा सिनेमा वाईट म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पण एक सांगते. रात्री अडीचला पेशंटचं बीपी खाली जातं तेव्हा ड्रिप किती थेंबांवर लावायची हे मिठीतून येत नाही, ते शिकूनच यावं लागतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. म्हसरूळच्या रस्त्यावरून जाताना माझ्या मनात येतं की राज्यभरच्या डॉक्टरांचे आणि नर्सेसचे पेपर इथून ठरतात. त्यातला एक पेपर जरी दुसऱ्याने लिहिलेला निघाला तर तो माणूस कधीतरी रात्री माझ्या शेजारी उभा असणार. मला मायाळू डॉक्टर हवा आणि शिकलेलाही हवा. मुन्नाकडे एकच होतं.

कट्टा_कॉलेजरोड
ताई, हे मला सुचलं नव्हतं. तरी रँचोचा मुद्दा सोडत नाही, तो शिकलेला होता.

गोदाकाठ
सिस्टर, तुमची कॉमेंट भाचीला वाचून दाखवली. तिने एवढंच विचारलं की थेंब मोजायला कितव्या वर्षी शिकवतात. कुणी नर्सिंगचं किंवा मेडिकलचं असेल तर सांगा, तिला आज रात्रीच उत्तर हवंय.