घोड्यांचा तिटकारा असलेला घोडदळाचा कर्नल

अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धावर चर्चा निघाली की स्टुअर्ट आणि कस्टर या घोडदळाच्या नामांकित अधिकाऱ्यांबद्दल बरंच येतं. त्यावरून काहीजण म्हणतात, 'घोडदळाचा अधिकारी जन्मजात स्वारच लागतो'; हे मात्र मला पटत नाही. उत्तरेचा बेंजामिन ग्रिअर्सन बघा. लहानपणी घोड्याने तोंडावर लाथ मारली, तेव्हापासून त्याला घोडे नकोसेच. पेशाने इलिनॉयमधला संगीतशिक्षक. दुकान काढलं, तेही बुडालं. आणि नेमणूक कुठे, तर घोडदळात!

१८६३च्या एप्रिलमध्ये उत्तरेचा सेनानी ग्रँट याला दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग या नदीकाठच्या शहराच्या खालच्या अंगाला मिसिसिपी नदी ओलांडायची होती, त्यासाठी दक्षिणेचं लक्ष भलतीकडे वळवायला हवं होतं. १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून ग्रिअर्सन सुमारे १७०० स्वार घेऊन निघाला. तीन दिवसांनी आजारी आणि थकलेले लोक त्याने परत पाठवले, पुढच्या दिवशी हॅच या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची आख्खी रेजिमेंट. हेतू हा, की माग काढणाऱ्यांना वाटावं, सगळेच परतले. अस्सल गनिमी कावा! २४ तारखेला न्यूटन स्टेशनवर व्हिक्सबर्गची रसद नेणारा लोहमार्ग उखडला, इंजिनं निकामी केली. परत उत्तरेला न वळता २ मे रोजी थेट लुइझियानातलं बॅटन रूज गाठलं. १६ दिवसांत सुमारे ६०० मैल, आणि मेले फक्त तिघे.

युद्धानंतर तो कृष्णवर्णीय सैनिकांच्या १०व्या घोडदळाचा कर्नल झाला आणि त्यांच्या बाजूने ठाम उभा राहिला. कायम सैन्यात ब्रिगेडियर जनरलपद मिळालं ते थेट १८९०मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा शिक्का नव्हता, हेही त्याला नडलं असावं.