मदत हवी आहे: टॅकोमा ट्रकवर जुना पॉप-अप कॅम्पर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरला राहतो. नवरा, मी आणि सात वर्षांची लेक. उन्हाळ्यात तंबूवर भागतं, पण ऑक्टोबरनंतर मोआब किंवा ग्रेट सँड ड्यून्सला रात्री असा गारठा पडतो की लेकीला तंबूत झोपवायचा धीर होत नाही. एचओए, म्हणजे वसाहतीतली घरमालकांची संघटना, ट्रेलर उभा करू देत नाही. म्हणून ट्रकच्या हौद्यात बसणारा पॉप-अप कॅम्पर बघतोय. छप्पर मिटलेलं असताना वाऱ्याला अडत नाही आणि मुक्कामी पोचल्यावर ते वर ढकललं की आत नीट उभं राहता येतं.

ट्रक टोयोटा टॅकोमा, डबल कॅब, हौदा सहा फुटी. 'फोर व्हील कॅम्पर्स' कंपनीचं 'फ्लीट' नावाचं जुनं मॉडेल विकायला आहे. आत शेगडी, ऊब देणारी गॅसची भट्टी, फ्रिज, २० गॅलनची पाण्याची टाकी. बघताक्षणी आवडला.

पण वजन! ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलप्रमाणे माणसं आणि सामान मिळून मर्यादा १,१२० पौंड. विकणारे म्हणतात, कोरडा कॅम्पर ९५० च्या आसपास. आम्ही तिघं मिळून ३५०. म्हणजे पाण्याचा थेंब न भरताच गणित कोलमडलं, आणि भरलेल्या टाकीतलं पाणीच सुमारे १६७ पौंड. त्यांचं म्हणणं, "मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावा, सगळे तेच करतात." घाटातून लेकीला घेऊन जायचंय, त्यामुळे मला हे पटत नाही. कुणाला अनुभव आहे का? शिवाय जुन्या कॅम्परमध्ये नेमकं काय तपासायचं?

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. एअरबॅगने ट्रकची खाली बसलेली मागची बाजू वर येते, बस्स. ॲक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात, लेबलवरचा आकडाही तोच. 'कोरडं वजन' म्हणताना बहुधा पाणी, गॅस आणि बऱ्याचदा बॅटरीसुद्धा धरत नाहीत. ट्रकला मागाहून बसवलेलं बंपर वगैरेही त्या ११२० मधूनच वजा होतं. या ट्रकवर हा कॅम्पर घेऊ नका. टॅकोमाच ठेवायची असेल तर 'फोर व्हील कॅम्पर्स'चाच 'प्रोजेक्ट एम' बघा. तो हौद्याच्या कडांवर बसतो, आत फर्निचर जवळजवळ नसतं, त्यामुळे पुष्कळ हलका. तोही तिघांसह आणि सामानासह ट्रक-स्टॉपवरच्या 'कॅट स्केल' वजनकाट्यावर तोलून बघा. भट्टी-फ्रिज हवेतच असतील तर आधी फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० सारखा जास्त वजन पेलणारा ट्रक, मग कॅम्पर.

तपासणी दिवसाउजेडी करा. छप्पर उघडून, दार लावून आत उभं राहा, छपराखालच्या बाजूच्या कापडाला बारीक भोकं असतील तर उजेड आत येईल. घडीच्या जागी काळी बुरशी दिसली तर समजा, ओला असतानाच मिटून ठेवलाय. दारापाशी, सिंकखाली आणि केबिनवरच्या पलंगाखाली प्लायवूड दाबून बघा, मऊ लागलं की पाणी मुरलंय. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. फ्रिज गॅसवर गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा, नाहीतर तो चालतो की नाही हे कळणारच नाही.

आणखी एक: टॅकोमाचा हौदा पत्र्याचा नाही, कॉम्पोझिटचा आहे. काहीही जखडायचं तर बोल्टखाली आधारपट्ट्या हव्यातच. कॅम्परच्या टायटलचे, म्हणजे मालकीच्या कागदाचे, नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा पैसे देण्याआधी सिरियल नंबर घेऊन काउंटीच्या मोटार वाहन कार्यालयात विचारा.