आउटबोर्डची (बोटीच्या मागे लावायच्या इंजिनाची) पाण्याची धार बारीक, इंजिन गरम

प्रश्न: ९.९ एचपी टू-स्ट्रोक. खाडीत थोडं चाललं की धार मंदावते. इम्पेलर (इंजिन थंड करणारं पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक) बदलू का?

उत्तर: आधी धारेच्या भोकात बारीक तार घाला, मीठ-गाळ अडकतो. फरक नाही पडला तर लोअर युनिट (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) उतरवा. इम्पेलरची पाती वाकलेलीच राहिली असतील तर नवा टाका. बसवताना पात्यांना ग्लिसरीन लावा, शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत हाउसिंग (इम्पेलरवरचं आवरण) दाबा. शाफ्टच्या खाचेत बसणारी छोटी चावी (की) विसरलात तर इम्पेलर फिरणारच नाही.

उत्तर: पातं तुटलेलं असेल तर तुकडा शोधा, तो वरच्या नळीत अडकतो. नुसता नवा इम्पेलर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

उत्तर: थर्मोस्टॅटही (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) गरम पाण्यात टाकून बघा, उघडतोय का. आणि इंजिन पाण्याशिवाय कोरडं स्टार्ट करू नका, इम्पेलरचं रबर लगेच जळतं.