जर्मन चालते, मग मराठी का नाही?

खर्जातला_सा (धागाकर्ता)
अमेरिकेत संगीतात पीएच.डी. करतोय, तिसरं वर्ष. आम्ही विद्यार्थ्यांनी विभागाला एक पत्र दिलंय. थिअरीच्या, म्हणजे संगीताच्या रचनेचा अभ्यास करतात त्या, वर्गात बाख-बेथोव्हनच्या पलीकडचंही शिकवा, आणि भाषेच्या सक्तीच्या परीक्षेत जर्मन-फ्रेंचसोबत ज्याला संशोधनासाठी जी लागते ती भाषा धरा, एवढंच मागणं आहे. माझा विषय रागविचार. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चारही भाग मराठीत लिहिले. ते मी मुळातून वाचतो, त्याला शून्य गुण. जर्मन मात्र कोश घेऊन का होईना, पास व्हायचं.

हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलंबस, ओहायोला सोसायटी फॉर म्युझिक थिअरीच्या अधिवेशनात फिलिप युएल हे कृष्णवर्णीय प्राध्यापक म्हणाले, या विषयाची चौकटच गोरी आहे. त्यांच्या मोजणीत सात प्रचलित पाठ्यपुस्तकांतल्या २,९३० उदाहरणांपैकी गोरे नसलेल्या संगीतकारांची निघाली ४९. ज्याची विश्लेषणपद्धत इथे घोटून घेतात, त्या हाइनरिख शेंकरची वंशवादी मतंही त्यांनी पुढे ठेवली. २०२० च्या उन्हाळ्यात नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या शेंकर-अभ्यासाच्या नियतकालिकाने त्यावर लेख छापले. बरेचसे विरोधातले, एक तर निनावी. युएलना मात्र लिहायला बोलावलंच नाही. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जाहीर पत्रक काढून ते नियतकालिकच बंद करा म्हटलं.

तिरकिट
भाषेचं पटलं. नियतकालिक बंद करा, हे अजिबात नाही. लेख भिकार असेल तर खोडून काढावा. छापखान्याला कुलूप लावून कुणाचं शिक्षण झालंय? त्यातले एक प्राध्यापक कोर्टात गेले, आणि २०२३ मध्ये अपील कोर्टानेही खटला पुढे चालू दिला. आणि शेंकर स्वतः ज्यू. तो १९३५ मध्ये गेला, बायको १९४५ मध्ये नाझींच्या टेरेझिनच्या छावणीत मेली. एवढ्या गुंत्याच्या माणसावर एक शिक्का मारून मोकळं व्हायचं?

खर्जातला_सा
शिक्का नको, मान्य. पण त्याची मतं वर्गात कधी काढायचीच नाहीत, फक्त आकृत्या शिकवायच्या, हेही सोयीचंच झालं की. बंद करण्याच्या मागणीवर माझंही मन साशंक आहे. पण ज्याच्यावर अख्खा अंक काढला त्यालाच विचारायचं नाही, याला संपादन म्हणत नाहीत.

पेडण्याचा_पाहुणा
पासष्टी ओलांडलीय, म्हणून स्पष्ट लिहितो. गाणं पत्रकं काढून मोठं होत नाही. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, तेव्हा कुणी समावेशनाचा अर्ज केला होता? सूर होता, गेली.

ओवीबाई
काका, सूर होताच. पण ती तबकडी सुचवली रॉबर्ट ब्राउन या एथ्नोम्युझिकॉलॉजिस्टने, म्हणजे जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासकाने. निवडणाऱ्यांना सांगू शकेल असा, केसरबाईंना ऐकलेला एक माणूस होता म्हणून तो सूर तिथवर पोचला. मुलं तेच मागताहेत.

पेडण्याचा_पाहुणा
हे ठाऊक नव्हतं. तरी पत्रकं मला आवडत नाहीत.

हलगी
अमेरिकेतल्या गोऱ्या चौकटीवर आपण बोलतोय, छान. युरोपातल्या संगीताच्या अभ्यासाला तिथे नुसतं 'थिअरी' म्हणतात आणि बाकी जगाला 'वर्ल्ड म्युझिक', याचा तुम्हाला राग येतो ना? मग आपण एकाला 'शास्त्रीय' आणि दुसऱ्याला 'लोक' म्हणतो ते काय? मुंबई विद्यापीठात संगीत विभाग वेगळा, लोककला अकादमी वेगळी. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पाठ आहेत, रागसंगीताच्या एम.ए.ला त्यांची चाल कुणी विश्लेषणाला घेतलीय का? हलगीच्या ठेक्याला शास्त्र नाही असं ठरवलं कुणी? भातखंड्यांचं नाव घेताय, तर सगळे राग दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरगटांत, बसवायची त्यांची चौकटही कुणीतरी मोजा एकदा.

तिरकिट
विषय भरकटतोय.

हलगी
आमचा नंबर आला की भरकटतो.

तिरकिट
बरं, रागावू नका. ठेक्याचं म्हणणं खरं आहे. मी तबला शिकलो, हलगीची बोलभाषा मला कुणी शिकवली नाही, आणि मीही कधी विचारली नाही. पण वेगळी अकादमी आहे म्हणून निदान तिला स्वतःची माणसं आणि जागा तरी आहे. संगीत विभागात घातली तर वर्षाकाठी दोन व्याख्यानं मिळतील आणि फोटो निघेल.

हलगी
हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा. आमच्यातही यावर दोन तट आहेत.

खर्जातला_सा
आजची खबर. विभागाचं उत्तर आलं: इतर भाषांना तत्त्वतः हरकत नाही, पण मराठीचा पेपर काढणार आणि तपासणार कोण? इथे कुणाला येत नाही.

ओवीबाई
म्हणजे हरकत आहेच!

तिरकिट
पेपर मी काढतो. भातखंड्यांच्या त्याच ग्रंथातल्या गुरु-शिष्य संवादांतला एक उतारा, इंग्रजीत भाषांतर, दोन तास. पण जर्मन सोडू नकोस हं.